भाग एक, स्टँडर्ड, अप्लाइड: गणिताच्या विषयांची नावे कशी वाचावीत

बारावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात आमच्या शाळेच्या कार्यालयात चौकशीसाठी एक टेबल मांडले जाते आणि त्यामागे बहुधा गणिताच्या शिक्षकालाच बसवले जाते. मी त्या टेबलामागे बरीच वर्षे बसलो आहे. एकदा पारोळ्याकडचे एक शेतकरी वडील मुलाचे गुणपत्रक घेऊन आले आणि म्हणाले, “सर, आमना पोऱ्यानी गणित लिधं शे, मंग इंजिनीअरिंगले का बरं चालत नही?” गुणपत्रकावर ‘गणित व संख्याशास्त्र’ असे छापलेले होते आणि गुणही चांगले होते. मात्र विषयाच्या नावाआधी 88 हा संकेतांक होता, म्हणजे ते वाणिज्य शाखेचे गणित होते, आणि मुलाने भौतिकशास्त्र घेतलेलेच नव्हते. वडिलांच्या लेखी गणित म्हणजे गणित होते, आणि छापील नाव पाहता त्यांना दोष देता येत नव्हता.

हा घोळ टाळायचा असेल तर विषयाच्या नावावर थांबू नये. कोणत्याही गणिताबाबत तीन गोष्टी या क्रमाने पाहाव्यात: तो विषय कोणत्या मंडळाचा आहे, त्याचा संकेतांक काय आहे आणि त्याच्या पुस्तकाची अनुक्रमणिका काय सांगते. पहिल्या दोन गोष्टींना पाच मिनिटे पुरतात. तिसऱ्या गोष्टीला एक संध्याकाळ द्यावी लागते आणि ती द्यायला बहुतेक पालक तयार नसतात, म्हणून या लेखात तिच्यावरच अधिक भर आहे.

मंडळ कोणते

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील राज्य मंडळाच्या शाळा नाशिक विभागीय मंडळाच्या अखत्यारीत येतात. गावातील हायस्कूल मराठी माध्यमाचे असो, सेमी इंग्रजी असो वा आदिवासी विकास विभागाची आश्रमशाळा असो, त्यांचे गणित एकच असते, पुस्तके बालभारतीची असतात आणि दहावीची प्रश्नपत्रिकाही राज्यभर तीच असते. केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि शहरांतील बऱ्याच खासगी इंग्रजी शाळा सीबीएसईशी संलग्न आहेत. आपल्याकडे तुलनेने कमी दिसणारे तिसरे मंडळ म्हणजे आयसीएसई आणि आयएससी परीक्षा घेणारे मंडळ. ‘इंग्लिश मीडियम’ या शब्दांवरून मंडळ कळत नाही, कारण राज्य मंडळाच्याही इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत. शाळेच्या फलकावरचा संलग्नता क्रमांक पाहावा किंवा सरळ कार्यालयात विचारावे.

नववी-दहावी: एक विषय, दोन पुस्तके

राज्य मंडळात आठवीपर्यंत ‘गणित’ नावाचे एकच पुस्तक असते. नववीपासून ‘गणित भाग 1’ आणि ‘गणित भाग 2’ अशी दोन पुस्तके हातात येतात. आज चाळिशीत असलेल्या पालकांच्या वेळी याच दोन पुस्तकांना बीजगणित आणि भूमिती म्हणत, आणि आम्ही शिक्षकही वेळापत्रक लिहिताना अजून तेच शब्द वापरतो. नववीचे नवे पुस्तक 2017 साली आणि दहावीचे 2018 साली आले, तेव्हा ही नावे बदलली.

नावे का बदलली असतील, हे दहावीच्या अनुक्रमणिका पाहिल्या की लक्षात येते. भाग 1 मध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे आणि अंकगणिती श्रेढी ही बीजगणिताची प्रकरणे आहेत. त्यांच्याच जोडीला जीएसटी, शेअर आणि म्युच्युअल फंड शिकवणारे अर्थनियोजन आहे, संभाव्यता आहे आणि सांख्यिकी आहे. या सगळ्याला बीजगणित म्हणणे ओढूनताणून झाले असते. भाग 2 मध्ये समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ आणि भौमितिक रचना यांच्यासोबत निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन येते. म्हणजे जुनी नावे सवयीने चालतात, परंतु पुस्तके त्या नावांत पूर्ण मावत नाहीत.

परीक्षेच्या दृष्टीने मात्र हा एकच विषय आहे. दोन्ही भागांच्या लेखी परीक्षा वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येकी 40 गुणांच्या आणि दोन तासांच्या असतात. अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण धरून 100 पैकी एकच आकडा गुणपत्रकावर उमटतो आणि त्याचा संकेतांक 71 असतो. ‘भूमितीत नापास, बीजगणितात पास’ असा प्रकार त्यामुळे नसतो. भाग 2 ची धास्ती घेतलेल्या मुलाला मी हे आवर्जून सांगतो. एका भागात कमी पडलेले गुण दुसऱ्या भागातून भरून निघू शकतात, मात्र म्हणून एक पुस्तक वर्षभर मिटून ठेवणे अकरावीत फार महागात पडते, कारण विज्ञान शाखेच्या अकरावीची सुरुवातच कोन आणि त्रिकोणमितीने होते.

मोठ्या भावंडांकडून ‘सामान्य गणित’ हे नाव कानावर येईल. गणित जड जाणाऱ्या मुलांसाठी राज्य मंडळात तो एक सोपा पर्याय होता. नवी पुस्तके आली तेव्हा तो बंद झाला. आज नववीत कोणी ‘जनरल मॅथ्स घेऊ’ असा सल्ला दिला, तर तो सल्ला जुना आहे असे समजावे.

सेमी इंग्रजीच्या मुलांना आणखी एक अडचण येते. त्यांचे पुस्तक ‘मॅथेमॅटिक्स पार्ट वन’ असते, घरी मदत करणारा मोठा भाऊ मराठी माध्यमात शिकलेला असतो, आणि दोघेही एकच गोष्ट वेगळ्या नावांनी शिकत असल्याचे दोघांच्या ध्यानात येत नाही. वर्गसमीकरण म्हणजे क्वाड्रॅटिक इक्वेशन, श्रेढी म्हणजे प्रोग्रेशन, समरूपता म्हणजे सिमिलॅरिटी, महत्त्वमापन म्हणजे मेन्शुरेशन, सांख्यिकी म्हणजे स्टॅटिस्टिक्स. दोन्ही माध्यमांच्या पुस्तकांत प्रकरणांचा क्रम सारखाच असल्यामुळे अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवून अशी यादी अर्ध्या तासात वहीत उतरवता येते. माध्यम बदलणाऱ्या प्रत्येक मुलाने ती उतरवावी, असे माझे मत आहे.

अनुक्रमणिका वाचायची म्हणजे काय करायचे

अनुक्रमणिका वाचणे म्हणजे प्रकरणांची नावे वाचणे, असा समज असतो आणि तिथेच फसगत होते. नववीच्या भाग 1 मध्ये ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे प्रकरण आहे, आणि दहावीच्या भाग 1 चे पहिले प्रकरण त्याच नावाचे आहे. ‘हे तर मागच्या वर्षी झाले’ म्हणून मुले जून महिना सैल सोडतात.

समजा, रावेरच्या एका शेतकऱ्याने केळी आणि कापूस मिळून 12 एकर लावले आणि केळीचे क्षेत्र कापसापेक्षा 4 एकरांनी जास्त आहे. केळी क्ष एकर आणि कापूस य एकर मानला, तर क्ष + य = 12 आणि क्ष − य = 4 ही दोन समीकरणे मिळतात. नववीचा विद्यार्थी ती मिळवतो, 2क्ष = 16 लिहितो, म्हणून केळी 8 एकर आणि कापूस 4 एकर असे उत्तर काढतो. दहावीचे प्रकरण याच समीकरणांचा आलेख काढायला सांगते आणि पुढे निश्चयक (डिटर्मिनंट), म्हणजे चौकटीत मांडलेल्या संख्यांच्या तिरप्या गुणाकारांची वजाबाकी, शिकवते. सहगुणकांचा निश्चयक −2 येतो, पहिल्या स्तंभाच्या जागी 12 आणि 4 ठेवले की −16 येतो, दुसऱ्या स्तंभाच्या जागी ठेवले की −8 येतो. भागाकार केला की पुन्हा 8 आणि 4 हीच उत्तरे मिळतात. याला क्रेमरची पद्धत म्हणतात. तीन-चार ओळींत सुटणाऱ्या उदाहरणाला एवढा खटाटोप कशासाठी, असे मुले विचारतात. उत्तर अकरावीच्या पुस्तकात आहे: तिथे तीन चलांची समीकरणे येतात आणि हाच निश्चयक पुन्हा भेटतो, दोन्ही शाखांच्या पुस्तकांत.

म्हणून अनुक्रमणिकेतले प्रत्येक प्रकरण उघडावे, त्याच्या सुरुवातीला दिलेले उपघटक वाचावेत आणि शेवटच्या संकीर्ण प्रश्नसंग्रहातील दोन-तीन उदाहरणे नजरेखालून घालावीत. नाव तेच राहून आतला मजकूर किती पुढे सरकला आहे, हे त्या उदाहरणांवरून कळते.

नावे ठेवण्याची ही पद्धत आजची नाही, आणि तिचा एक धागा खानदेशातच आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली रचलेल्या सिद्धांतशिरोमणीचे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. त्यातील लीलावती म्हणजे पाटीगणित, पाटीवर आकडे मांडून करायचे गणित. अज्ञात राशी धरून करायचे गणित ते बीजगणित. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा आणि त्याला मिळालेल्या दानाचा शिलालेख चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे सापडला असून त्यावर शके 1128 चा उल्लेख आहे. दहावीच्या मुलांना अवघड वाटणारा ‘श्रेढी’ हा शब्द लीलावतीतील ‘श्रेढीव्यवहार’ या प्रकरणात भेटतो. पाटणादेवीची सहल नेली की मी हे सांगतो. मुलांचे लक्ष बहुधा डब्याकडे असते, तरी एखाद-दुसरा थांबून ऐकतो.

अकरावी-बारावी: 40 आणि 88

राज्य मंडळाच्या अकरावीत विषयाचे नाव ‘गणित व संख्याशास्त्र’ असे असते, आणि खरी फारकत इथे सुरू होते. संकेतांक 40 म्हणजे कला व विज्ञान शाखांचे गणित, संकेतांक 88 म्हणजे वाणिज्य शाखेचे. दोन्हींची पुस्तके पुन्हा भाग 1 आणि भाग 2 अशीच आहेत, त्यामुळे जुन्या पुस्तकांच्या दुकानात नुसते ‘बारावीचे मॅथ्स पार्ट टू’ मागितले तर चुकीचे पुस्तक हाती पडण्याची शक्यता बरीच असते. मुखपृष्ठावर शाखेचा उल्लेख आहे का, ते पाहूनच पैसे द्यावेत.

दोहोंत सामाईक भागही मोठा आहे. बारावीला तर्कशास्त्र, मॅट्रिक्स, डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन आणि लिनियर प्रोग्रॅमिंग ही प्रकरणे दोन्हीकडे आहेत. मात्र 40 मध्ये त्रिकोणमितीय फलने, सदिश, त्रिमितीतील रेषा आणि प्रतल आहेत; अकरावीला शांकव म्हणजे पॅराबोला, इलिप्स वगैरे वक्रांचे प्रकरण आहे. यांपैकी काहीच 88 मध्ये नाही. तिथे त्याऐवजी दलाली, कमिशन व सूट, विमा आणि वार्षिकी, निर्देशांक, कालश्रेणी, समाश्रयण म्हणजे रिग्रेशन, आणि कामांची वाटणी व क्रम ठरवण्याचे असाइनमेंट प्रॉब्लेम आहेत. अडत्याचे कमिशन किती, ते आणि हमाली-तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हातात काय पडते, हा हिशेब ज्या घरात रोज होतो, त्या घरातील मुलाला 88 चे हे प्रकरण फार लवकर उमगते. त्यामुळे ‘कॉमर्सचे गणित म्हणजे सोपे गणित’ हे वाक्य मला पटत नाही. ते वेगळ्या कामाचे गणित आहे. वाणिज्य शाखेत गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती हा विषय घेण्याची मुभा असते, आणि तिथे निवड करताना पुढे अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्राकडे जायचे मनात असेल तर गणित सोडू नये.

विज्ञान शाखेत प्रवेश घेतला म्हणजे गणित आपोआप मिळाले, असेही नाही. महाविद्यालयाच्या खिडकीवर पीसीएम, पीसीबी आणि पीसीएमबी हे शब्द ऐकू येतात. पहिल्यात गणित आहे आणि जीवशास्त्र नाही, दुसऱ्यात उलट, तिसऱ्यात दोन्ही. काही ठिकाणी बायफोकल म्हणजे कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा 200 गुणांचा विषय असतो. तो घेतला की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडावा लागतो, आणि हा सुटणारा विषय कोणता हे अर्ज भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले आहेत. त्यात शाखा आणि महाविद्यालय ठरते, परंतु गट कोणता हे महाविद्यालयात कागदपत्रे जमा करताना नीट पाहून घ्यावे लागते.

एका विद्यार्थिनीने डॉक्टर व्हायचे म्हणून पीसीबी घेतले आणि बारावीत असताना तिला वायुदलात जावेसे वाटू लागले. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची म्हणजे एनडीएची परीक्षा 2021 पासून मुलींना खुली झाली आहे, मात्र तिथल्या वायुदल आणि नौदल शाखांसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. अकरावीच्या प्रवेशावेळी कोणत्याही शिक्षकाने तिला हे सांगितले नव्हते, आणि त्या शिक्षकांत मीही होतो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला गणित लागत नाही, फार्मसीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते, अभियांत्रिकी आणि आर्किटेक्चरला गणित हवेच. मन नक्की झालेले नसेल आणि झेपत असेल तर पीसीएमबी घेणे शहाणपणाचे ठरते. मात्र झेपत नसताना दोन्ही दारे उघडी ठेवण्याच्या हट्टापायी दोन्हीकडचे गुण गेलेली मुलेही मी पाहिली आहेत.

अभियांत्रिकीच्या एमएचटी-सीईटीत गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी 2 गुणांचे असतात, तर भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रश्न एकेका गुणाचे असतात. साधारण 20 टक्के भाग अकरावीवर असतो. भौतिक आणि रसायनाच्या प्रश्नपत्रिका मराठीतही मिळतात, गणिताची मात्र इंग्रजीतच असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी वर सांगितलेली शब्दांची यादी म्हणूनच अकरावीच्या पहिल्या महिन्यात पूर्ण करावी.

सीबीएसई: स्टँडर्ड, बेसिक आणि 241 चे कोडे

सीबीएसईत दहावीचे गणित 2020 च्या परीक्षेपासून दोन नावांनी येते: मॅथेमॅटिक्स स्टँडर्ड, संकेतांक 041, आणि मॅथेमॅटिक्स बेसिक, संकेतांक 241. ‘बेसिक म्हणजे अर्धाच अभ्यासक्रम’ असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. पुस्तक एकच आहे, अभ्यासक्रम एकच आहे आणि वर्गात शिकवणेही एकत्रच होते; फरक असतो तो 80 गुणांच्या लेखी परीक्षेतील प्रश्नांच्या काठिण्यात. 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे दोन्हीकडे सारखेच. निवड करावी लागते ती दहावीच्या परीक्षार्थींची यादी मंडळाकडे पाठवताना. त्या वेळी शाळेतून आलेल्या कागदावर पालक घाईत सही करतात, आणि काय निवडले गेले ते प्रवेशपत्र हाती आल्यावर त्यांना कळते.

या निवडीचा परिणाम अकरावीत दिसतो. मूळ नियमाप्रमाणे बेसिक घेऊन उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला अकरावीत 041 हे मुख्य गणित घेता येत नाही. त्याला आधी स्टँडर्डची पुरवणी परीक्षा द्यावी लागते. कोविडच्या काळात मंडळाने यात सूट दिली आणि नंतरही ती वाढवली गेली. त्यामुळे ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीचे परिपत्रक पाहावे, शेजाऱ्याच्या मुलाच्या अनुभवावर विसंबू नये. दहावीनंतर सीबीएसईतून राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेत येण्याचा विचार असेल, तर स्टँडर्ड घेणे हा निर्धोक मार्ग आहे.

अकरावी-बारावीत 041 म्हणजे मॅथेमॅटिक्स आणि 241 म्हणजे अप्लाइड मॅथेमॅटिक्स. म्हणजे 241 हा एकच आकडा दहावीच्या गुणपत्रकावर बेसिक आणि बारावीच्या गुणपत्रकावर अप्लाइड असा वाचायचा असतो! अप्लाइड मॅथेमॅटिक्स 2020-21 पासून सुरू झाले असून त्यात वित्तीय गणित, निर्देशांक आणि कालश्रेणी असे विषय आहेत. राज्य मंडळाच्या 88 शी त्याचे नाते जवळचे आहे. दहावीला बेसिक घेतलेल्याला अप्लाइड घेता येते. एका विद्यार्थ्याला 041 आणि 241 यांपैकी एकच निवडता येते. अभियांत्रिकीकडे जायचे असेल तर 041 घ्यावे, यात फार विचार करण्यासारखे नाही.

आयएससीच्या बारावीत विषयाचे नाव एकच असते, पण प्रश्नपत्रिकेचे पोटभाग असतात. 65 गुणांचा अ विभाग सर्वांना सक्तीचा असतो आणि 15 गुणांसाठी ब किंवा क यांपैकी एक निवडायचा असतो. ब मध्ये सदिश आणि त्रिमिती भूमिती आहे, क मध्ये वाणिज्याकडे झुकणारे रिग्रेशन व लिनियर प्रोग्रॅमिंग आहे. म्हणजे राज्य मंडळाने 40 आणि 88 असे वेगळे केलेले काम इथे एकाच कागदावर होते. गुणपत्रकावर ही निवड दिसत नाही, म्हणून विद्यार्थ्यालाच विचारावे लागते.

परदेशातून परतलेले कुटुंब

धुळे-जळगावची बरीच मुले आता परदेशी नोकरीला आहेत, आणि त्यांची मुले परत येऊन इथल्या शाळेत दाखल होताना दाखल्यावर वेगळीच नावे दिसतात. अमेरिकेतील शाळांत ‘अल्जेब्रा वन’, ‘जॉमेट्री’ आणि ‘अल्जेब्रा टू’ हे सर्वसाधारणपणे एकेका पूर्ण वर्षाचे स्वतंत्र विषय असतात, आणि एकाच इयत्तेतील मुले वेगवेगळ्या विषयांत असू शकतात. दाखल्यावर नववीत ‘जॉमेट्री’ दिसले, तर त्या मुलाने त्या वर्षी बीजगणित जवळजवळ केलेलेच नसू शकते. आपल्याकडे मात्र दोन्ही भाग वर्षभर बरोबरीने चालतात. ‘एपी कॅल्क्युलस एबी’ आणि ‘बीसी’ या तिथल्या महाविद्यालयीन पातळीच्या विषयांत बीसीमध्ये एबीचा सगळा भाग येऊन वर आणखी असतो. अशा मुलाला इयत्ता वयाप्रमाणे द्यावी, परंतु गणितासाठी आमच्या नववीच्या दोन्ही भागांचे संकीर्ण प्रश्नसंग्रह त्याच्यासमोर ठेवावेत आणि कोणती प्रकरणे त्याने पाहिलेलीच नाहीत त्यांवर पेन्सिलीने खूण करून घ्यावी. संच आणि अर्थनियोजन यांपुढे बहुधा खुणा पडतात. त्या खुणांची प्रकरणे मे महिन्यात भरून काढली की जूनमध्ये तो मुलगा वर्गाबरोबर चालू शकतो.

पारोळ्याच्या त्या मुलाने पुढे संख्याशास्त्राची वाट धरली. वडील अधूनमधून भेटतात, तेव्हा धाकट्याचे पुस्तक पिशवीतून काढून पहिले पान उघडतात आणि विचारतात, “सर, हाई चाळीसनं शे ना?”